तांबडमाथ्यावर जोडीने

वडगाळ हे गाव डिचोली तालुक्याच्या अगदी कडेला आहे. साखळीहून येणारी बस इथल्या रवळनाथाच्या देवळासमोर तोंड फिरवते, कारण पुढे रस्ताच नाही. पुढे तांबडमाथा नावाचा डोंगर आहे. गोव्यात येणारी माणसं समुद्राकडे तोंड करून येतात, तेव्हा आपल्याकडे कुणी पाहुणा म्हणून येईल अशी अपेक्षा वडगाळकरांनी कधी केलीच नव्हती. मग गेल्या काही वर्षांत डोंगर चढणाऱ्यांना या गावाचा पत्ता लागला. गावात मोबाइलला धड रेंज नाही, हॉटेल नाही, दिवे लागले की कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात. आणि नेमक्या याच गोष्टींसाठी लोक पुण्याहून गाड्या करून येऊ लागले. ज्या सुखाला कंटाळून आपली पोरं पणजीला पळाली ते सुख बघायला ही शिकलेली माणसं पैसे देतात, तेव्हा पुण्यात काहीतरी मोठं बिघडलेलं असणार, यावर गावाचं एकमत झालं.

या पाहुण्यांची उतरायची जागा म्हणजे जयरामचं घर. खाणी बंद पडल्यापासून जयरामचा टिपर अंगणात उभा होता आणि त्याच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. पणजीला हॉटेलात नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलाने, रुद्रेशने, घराच्या मागच्या दोन खोल्यांना रंग दिला, फोटो काढले आणि नेटवर टाकले. खाली लिहिलं, ‘अनुभवी मार्गदर्शक घरातच उपलब्ध’. हा अनुभवी मार्गदर्शक म्हणजे जयराम. तो ओटीवरच्या कदेलीत, म्हणजे खुर्चीत, बसून हात लांब करायचा आणि म्हणायचा, “हयसून सरळ वर. पायवाट सोडू नकात. माझा काय, मी डोळे बांधून चढतंय.” पाहुणे खूश व्हायचे. पायवाट इतकी ठळक होती की त्यांना त्याची गरजच पडायची नाही, आणि जयरामला कदेलीतून उठायची.

उठायची गरज पडायची ती विनोदिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की ती उंडे घ्यायची, पातळ भाजी टाकायची, चहा करायची, पाहुण्यांचे डबे भरायची. ते गेले की चादरी धुवायची आणि डोंगराकडे तोंड करून दोरीवर वाळत घालायची. संध्याकाळी पाहुणे तांबडेलाल होऊन परत यायचे, बूट काढता काढता हमखास म्हणायचे, “काकू, वरून तुमचं घर काय सुंदर दिसतं हो!” आणि तिला मोबाइल दाखवायचे. मोबाइलमध्ये हिरव्या पसाऱ्यात एक तांबडा ठिपका असायचा. विनोदिनी “होय काय?” म्हणायची आणि भाकऱ्या थापायला आत जायची.

आत गेल्यावर तिच्या हातून भाकरीला जरा जास्तच थापटी बसायची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून हा डोंगर तिच्या न्हाणीघरासमोर, तुळशीसमोर, खिडकीसमोर उभा होता. तिला एकदा त्याच्या डोक्यावर जायचं होतं. एवढंच. सोनं नको होतं, काशी नको होती. नवी नवरी असताना तिने जयरामला विचारलंही होतं. “वर काय आसा? फातर!” नुसते दगड, असं तो म्हणाला होता, आणि खाणीत उभ्या कड्यावरून टिपर पळवणारा तो माणूस, त्याला डोंगर काय ते ठाऊक असणारच, असं ती धरून चालली होती. पुढे सासूचं करणं आलं, म्हैस आली, मुलगा झाला, आणि आता पाहुणे. आपण मात्र खालीच. हे तिला सलत होतं, आणि ते आता लपवण्यात काही अर्थ नाही.

पौष महिन्यात तुषार आणि अश्विनी हे पुण्याचं जोडपं चार दिवसांसाठी आलं. अश्विनी भारी बोलकी. आल्या संध्याकाळी चुलीपाशी पाट ओढून बसली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही तर शंभरदा गेला असाल ना वर?”

विनोदिनीच्या हातातली पळी कढीत थांबली. “मी खय जातंय गो,” ती म्हणाली. “माका येळ खय आसा!”

“म्हणजे एकदाही नाही?”

त्या मुलीच्या आवाजात चेष्टा नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. तेच विनोदिनीला जास्त लागलं. त्या क्षणी तिने ठरवलं की या वेळी जायचंच. आता प्रश्न एवढाच राहिला की कसं. जयरामला विचारलं तर तो काय म्हणणार ते तिला पाठ होतं: पाहुण्यांचं जेवण कोण करणार, म्हशीचं कोण बघणार, लोक काय म्हणणार, आणि शेवटी फातर. तेव्हा जयरामच्या वरच्या कोर्टात जाणं भाग होतं.

वडगाळात हे कोर्ट म्हणजे रवळनाथ. कुणीही परका माणूस डोंगरावर निघाला की आदल्या संध्याकाळी देवळासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गावाचा मानकरी देवाला मोठ्याने सांगतो की ही अमुक लेकरं तुझ्या डोंगरावर निघाली आहेत, त्यांना सांभाळ; आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला “व्हय महाराजा” म्हणून साथ देतात. पाहुण्यांना गंमत वाटते, पण गाव यात गंमत करत नाही. मुंबईची एक टोळी गाऱ्हाणं न घालता गेली ती वाट चुकून पलीकडच्या अंगाला महाराष्ट्रात उतरली आणि दोडामार्गाहून एसटीने परत आली, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि गाऱ्हाण्यात एकदा बोललेला शब्द कुणालाही मागे घेता येत नाही. ‘व्हय महाराजा’ झालं की देवाकडे त्याची नोंद झाली.

गाऱ्हाणं घालायचा मान बाबली गावकराचा. हा सत्तरी ओलांडलेला माणूस दोन गोष्टींपुढे दुबळा होता: स्वतःचा आवाज आणि विनोदिनीच्या हातच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या. दुसऱ्या दिवशी तुषार आणि अश्विनी मयेचा तलाव बघायला गेली तशी विनोदिनीने डबा भरला आणि त्याचं घर गाठलं.

“बाबलीकाकानू, आज गाऱ्हाण्यात एक वाक्य वाढवचा आसा,” ती म्हणाली. “म्हणाचा, ही विनोदिनी उद्या माथ्यार येवन आपल्या हातान नारळ फोडतली. बस्स.”

बाबलीने नेवरी तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावली. “एकट्या बायल माणसाचा नाव मी गाऱ्हाण्यात कसा घेव? माझ्या बापाशीन कधी घेवक नाय.”

“एकटी खय? पाव्हणी आसत ना वांगडा.”

“जयरामाक इचारलस?”

“देव मोठो का जयराम मोठो?”

या प्रश्नाला गावच्या मानकऱ्याकडे एकच उत्तर असू शकत होतं. तो म्हणाला, “बघतंय,” आणि दुसरी नेवरी उचलली.

जयराम गाऱ्हाण्याच्या वेळी देवळात असणार, याची विनोदिनीला काळजीच नव्हती. उलट तोच तिचा हुकमाचा पत्ता होता. सगळ्या वडगाळात मोबाइलला पूर्ण रेंज मिळते ती रवळनाथाच्या अंगणात, पिंपळाच्या पाराजवळ. त्यामुळे जयराम एकही गाऱ्हाणं चुकवायचा नाही. तो एका हाताने टोपी सावरायचा, दुसऱ्या हातातल्या फोनवर जुन्या टिपरांच्या खरेदी-विक्रीचे व्हिडिओ बघायचा, आणि लोकांचा आवाज आला की मान वर न करता सगळ्यांत मोठ्याने “व्हय महाराजा” ठोकायचा. इतकी भक्ती दुसऱ्या कुणाची नव्हती.

संध्याकाळी नारळ ठेवला. पाच-पंचवीस माणसं जमली. तुषार आणि अश्विनी हात जोडून पुढे उभी राहिली, बायका खांबापाशी. बाबलीने घसा साफ केला.

“बा देवा रवळनाथा, बारा वाटेच्या धन्या महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“ही पुण्याची लेकरा तुझ्या पायाशी इली आसत. उद्या तुझो डोंगर चढतली. तेंका काटो लागू नये, किरडू आडवा येव नये!”

“व्हय महाराजा!”

विनोदिनी खांबापासून एक पाऊल पुढे सरकली. बाबलीने तिच्याकडे एकदा पाहिलं. नेवऱ्या खाल्ल्या होत्या, शब्द टाळता येत नव्हता. पण बापजाद्यांनी घालून दिलेली रीतही मोडवत नव्हती. मोठा श्वास घेऊन त्याने आपल्या परीने मधला मार्ग काढला.

“आनी महाराजा, तेंच्या वांगडा हो तुझो सेवेकरी जयराम आनी तेची घरकारीण विनोदिनी, दोघाय जोडीन उद्या तुझ्या माथ्यार येतली, दोघांच्या हातान नारळ फोडतली, आनी तेच्याशिवाय माघारी फिराची नाय!”

“व्हय महाराजा!”

यात सगळ्यांत मोठा आवाज जयरामचा होता. बाकीच्यांचा जरा दबकाच निघाला, कारण सगळे त्याच्याकडे बघत होते. मग बायकांच्या घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. जयरामने मान वर केली.

“काय झाला?”

तुषारने आनंदाने सांगितलं, “काका, तुम्ही आणि काकू उद्या येताय आमच्याबरोबर! आत्ता तुम्हीच कबूल केलंत ना.”

जयरामच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं विनोदिनीने पाहिलं. तिला वाटलं, आळस. कदेल सुटणार म्हणून जीव गेला असेल. खरं म्हणजे तिचाही थोडा गेला होता. तिने एकटीचं मागितलं होतं आणि पदरात हे एवढं मोठं गाठोडं पडलं होतं. आता तो वर गेला तरच ती वर. तो मध्येच बसला तर तिलाही बसावं लागणार, कारण ‘जोडीन’ हा शब्द देवाने ऐकला होता.

रात्रीच्या जेवणाआधी जयराम बाबलीकडे दोनदा जाऊन आला. आधी त्याचा गुडघा दुखत होता. दुसऱ्या खेपेला गुडघा बरा झाला होता आणि दाढ दुखत होती. बाबलीने दोन्ही आजार ऐकून घेतले आणि म्हणाला, “देवाच्या कानात गेलेलो शब्द आसा तो. तुझो टिपर न्हय, रिव्हर्स घालूक.” मग जयराम घरी येऊन म्हशीच्या तब्येतीबद्दल बोलू लागला. म्हशीचं शेजारची कोमल बघणार होती. डबे आधीच भरून झाले होते. त्याच्या लक्षात आलं की बायकोने सगळ्या वाटा आधीच बंद केल्या आहेत, आणि तो न जेवता झोपला. हे मात्र नवीन होतं. जयराम उपाशी झोपलेला विनोदिनीने कधी पाहिला नव्हता.

सकाळी धुक्यातच निघाले. विनोदिनीने साडीचा काचा मारला होता आणि पायांत रुद्रेशचे शाळेतले पांढरे बूट घातले होते, पुढे कापूस कोंबून. कुळागरातून, पोफळींच्या खालून, पाटाच्या कडेकडेने वाट वर निघाली. काजूची झाडं संपली, मग करवंदीची जाळी. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. जयराम दर वळणावर थांबून पाहुण्यांना झाडांची नावं सांगत होता, म्हणजे दम घेत होता. विनोदिनी पुढे जायची आणि थांबायची, पुढे जायची आणि थांबायची. तिचे पाय तिला सांगत होते की आम्ही इतकी वर्षं उगीच अंगणात फिरलो.

मग जाळी संपली आणि वाट उघड्या कातळावर आली. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला काही नाही. वाट बैलगाडीएवढी रुंद होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण खाली सगळं गाव एकदम उघडं पडलं होतं. तुषार आणि अश्विनी पुढे गेली. विनोदिनी चार पावलं चालली आणि तिच्या लक्षात आलं की मागे चपला वाजत नाहीत.

जयराम खाली बसला होता. बसला होता म्हणजे, कातळाला पाठ लावून, दोन्ही मुठींत करवंदीचं झुडूप धरून. काटे हातात रुतत होते आणि त्याला पत्ता नव्हता.

“अहो, काय झाला?”

“माझ्याच्यान जायत नाय,” तो म्हणाला. डोळे घट्ट मिटलेले होते.

“गुडघो?”

“गुडघो नाय.” तो झुडपाला आणखी चिकटला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, “भंय दिसता माका.”

विनोदिनी त्याच्याकडे बघतच राहिली. “तुमका? तुमी तर खाणीत कड्यार टिपर उलटो घेयत होतास!”

“टिपरात हातात स्टेअरिंग आसता गो. हय हातात काय आसा?”

“मग आदी चढलास तेव्हा?”

“खय चढलंय? लग्नाआदी एकदा मित्रांवांगडा इल्लंय, हयसूनच परत गेलंय. तेंका सांगलंय, पोटात दुखता.”

हे ऐकून तिला आधी दया आली पाहिजे होती. आला तो राग. भीतीचा राग नव्हता तो; भीती कुणालाही वाटते. तिला स्वतःला म्हशीच्या शिंगांची वाटायची. पण या माणसाच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून ती जन्मभर खाली बसली होती, आणि याने वर काय आहे ते पाहिलेलंच नव्हतं!

“वर फातर आसत म्हणान सांगलास माका!” ती म्हणाली. “न बघताच सांगलास?”

“मग काय सांगतलंय? माका भंय दिसता म्हणान? नव्या बायलेक?”

तिला हसू येऊ लागलं, आणि राग तर होताच, त्यामुळे तिचं तोंड विचित्र झालं असणार. पुढून अश्विनी परत आली. “काका बसलेत का? काकू, त्यांना बसू द्या. आम्ही नेतो तुम्हाला, अर्ध्या तासात वर!”

विनोदिनीने वर पाहिलं. माथा इतका जवळ होता की त्याच्यावरचं गवत हललेलं दिसत होतं. जावं का? देवाचा शब्द होता तो होताच. पण शब्द नसता तरी या झुडपाला चिकटलेल्या माणसाला एकटं सोडून तिला वरचं काही गोड लागलं नसतं, हेही तिला कळत होतं. आणि त्याला घेऊन खाली जायचं तर पुन्हा वर यायला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याची बोटं एकेक करून करवंदीतून सोडवली. मग त्याच्या खांद्यावरचा पंचा घेतला, त्याच्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली आणि दोन्ही बाजूंनी पुढे ओढला, म्हणजे त्याला समोरचं दीड हात सोडून काही दिसेना.

“आता उठा. माझे बूट दिसतत?”

“दिसतत.”

“तेंच्याकडेच बघायचा. दुसरीकडे नाय. आनी हो पदर धरा. ह्या तुमचा स्टेअरिंग.”

तुषारने फोन काढला. विनोदिनीने त्याच्याकडे असा एक कटाक्ष टाकला की त्याने तो निमूट खिशात घातला.

आणि अशा रीतीने ती निघाली. पुढे पांढरे बूट, मागे घुंगट घेतलेला जयराम, तिचा पदर दोन्ही हातांनी धरून. “डावीकडे फातर आसा, पाय वर घेया. आता सरळ. आता जरा चढान.” त्याचा श्वास तिला पाठीमागे ऐकू येत होता. मध्ये त्याने एकदा विचारलं, “बाजूक काय आसा?” आणि तिने सांगितलं, “गवत.” खरं तर बाजूला तीन गावं होती, पण ते त्याला आत्ताच सांगायची गरज नव्हती. अश्विनी म्हणाली, “काका, तुम्ही खरंच डोळे बांधून चढता की!” यावर पंच्याच्या आतून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं, ते पाहुण्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

चढ संपला. वाऱ्याने तिचा पदर जयरामच्या हातातून जवळजवळ सुटलाच. माथ्यावर एक सपाट शिळा होती, तिच्यावर शेंदूर. जयराम त्या शिळेला लगटून बसला. दोघांनी मिळून नारळ धरला आणि फोडला; पाणी निम्मं त्याच्या अंगावर उडालं. गाऱ्हाणं त्यानेच घातलं, जोडीतला पुरुष म्हणून. “महाराजा, हाडलंस तसो खाली पण व्हर,” आणलंस तसं खालीही ने, एवढंच. तुषार आणि अश्विनीने मनापासून साथ दिली.

मग विनोदिनी कडेला जाऊन उभी राहिली.

खाली कुळागरं होती, दाट, ओली. त्यांच्या मधून पाट चकाकत होता. पलीकडे बंद खाणीचा तांबडा खड्डा होता आणि त्याच्या तळाशी इतकं निळं पाणी साठलं होतं की तिला खरं वाटेना. रोज जिला शिव्या दिल्या ती खाण वरून इतकी देखणी असेल असं कुणी सांगितलं नव्हतं. साखळीकडे एक बस चालली होती. दुसऱ्या बाजूला डोंगरांमागे डोंगर, तिलारीच्या अंगाचे, एकाहून एक फिके. आणि वडगाळ. देऊळ, पिंपळ, रस्ता. तिने घर शोधलं. सापडलं. दोरीवर कालच्या चादरी होत्या, अंगणात टिपर. तिने अंगठा पुढे धरला तशी ओटी, गोठा, चूल, न्हाणी, तिचं सगळं आयुष्य त्या अंगठ्याखाली झाकलं गेलं. तिने अंगठा काढला, पुन्हा धरला, पुन्हा काढला. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलंही नाही, कारण पुसण्यात बघायचा वेळ गेला असता.

अश्विनी आणि तुषारने फोटो काढले, डबा खाल्ला, पाणी प्यायलं. ऊन वर आलं. “काकू, निघूया का?” अश्विनी म्हणाली. “उतरायला वेळ लागेल, काका आहेत बरोबर.”

“चल गो,” पंच्याच्या आतून जयराम म्हणाला. “चायची येळ झाली. किती बघतस?”

घरी ही येळ झाली की ती उठायची. हातातलं अर्धवट टाकून, जेवता जेवतासुद्धा उठायची. जयरामने पदराच्या दिशेने हात पुढे केला, कारण तिच्याशिवाय त्याला एक पाऊल खाली टाकता येणार नव्हतं. विनोदिनी शिळेपाशी त्याच्या शेजारी बसली, पदराचं टोक त्याच्या हातात दिलं आणि तोंड पुन्हा डोंगरांकडे फिरवलं.

“बसा,” ती म्हणाली. “माझा बघून होवक नाय अजून.”